बुडालेल्या निवट्या

काकांना उलट विचारायचं नाही, हा आमच्या घरचा नियम. त्या नियमाने परवा काय केलं ते ऐका.

आत्याच्या सासरची माणसं जेवायला येणार होती. काका खाडीच्या चिखलातून पन्नासेक जिवंत निवट्या, म्हणजे चिखलावर उड्या मारणारे छोटे मासे, घेऊन आले. बादली पाण्याने काठोकाठ भरून त्यांनी निवट्या आत सोडल्या आणि उड्या मारून पळतील म्हणून घट्ट झाकण लावून वर दगड ठेवला.

मी प्राणिशास्त्र शिकलेय. म्हटलं, "काका, निवटी पाण्याबाहेर येऊन हवा घेते, ओल्या कातडीनेही श्वास घेते. तळाशी बोटभरच पाणी ठेवा, नाहीतर बुडून मरतील."

"मासा बुडतो?" काकांना हसता हसता ठसका लागला. "मंग पापलेटाला लाइफ जॅकेट घालू काय गो?"

दोन तासांनी झाकण काढलं, तर एकही निवटी हलेना. मेलेली निवटी आमच्याकडे कोणी चुलीवर चढवत नाही, आणि पाहुणे तर ओटीवर येऊन बसलेले.

बाबा कानाशी येऊन म्हणाले, "बादली तूच उन्हात ठेवलीस असं सांग. काकांची लाज राख."

"व्हय, सांग," काका म्हणाले. "पोरीची चूक कोन मनावर घेतंय?"

मी ओटीवर ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "नाही सांगणार. मासा बुडवून मारणारा माणूस अख्ख्या खाडीत एकच आहे, काका. तुमचा हा मान मी कशी घेऊ?"