फिल्टरच्या कडेची माती

थांबा, साहेब, सही करू नका, आधी हे एवढं बघा — चहा नको तर नको, पण बसा तरी. काल रात्रभर माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही. कशामुळे? एका आकड्यामुळे. कुणाची झोप सासू उडवते, कुणाची दुखरी दाढ — माझी अठरा टक्क्यांनी उडवली. आणि टेबलाखाली कोण आहे म्हणून वाकू नका, ती माझी मुलगी. पाळणाघर आज बंद आहे. फिल्टरपेपरवर चित्रं काढत बसलीय, त्रास नाही देणार.

तुम्ही मुख्य कचेरीतले, तुमच्यापुढे आकडे आयते येतात, म्हणून सांगते — रागावू नका. रंग काढायला आपण गरम तेलात माती घालतो. मग ते फिल्टरमधून जातं, तेल पुढे, माती जाळीच्या पानांवर. तिला इथे केक म्हणतात — कुणी बारसं केलं कोण जाणे, काळाकुट्ट चिखल तो. त्या चिखलात तेल अडकून राहतं. किती? ते सांगायचं काम प्रयोगशाळेचं, म्हणजे माझं. मी सांगितलं, शंभर किलोत अठरा. केक निघतो रोज टनभर, म्हणजे एकशे ऐंशी किलो तेल मातीबरोबर गेलं, असं तुम्ही धरलंत. आणि टाकीत रोज कमी भरतंय दोनशे नव्वद! मधलं एकशे दहा किलो गेलं कुठे? तेलाला काही पाय फुटत नाहीत. मग ज्याच्या हातात फिल्टरच्या किल्ल्या, त्याच्याकडे बोट. फिल्टरवाले काका.

आणि आज दुपारी त्यांना चोर म्हणून घरी पाठवायचं. एकतीस वर्षं, साहेब! मुलीकडे राहतात ते, जावयाच्या घरी — हा शिक्का घेऊन गेले तर त्या घरात कोणत्या तोंडाने जेवायला बसतील? काल फाटकावर रखवालदाराने त्यांचा डबा उघडून हुंगला. हुंगला हो! आणि काका म्हणतात कसे, ‘नीट हुंग बाबा, कांदा आहे, डोळ्यांत पाणी येईल.’ हसले सगळे. मला नाही हसू आलं.

चोरी झालेलीच नाही. तेल मातीत आहे. ही बशी बघा — काल मी स्वतः सातही पानांवरून माती काढली, वरून, मधून, खालून, चमचा चमचा, एकत्र कालवली, तपासली. एकोणतीस! पुन्हा केली. एकोणतीस! अठरा येतो तो फक्त कडेच्या मातीत — उरलेलं तेल काढायला वाफ सोडतो ना, ती तिथे जोरात लागते, तेल निथळून जातं, माती कोरडी भुरभुरीत. मधली नुसती गच्च. शितावरून भाताची परीक्षा करतात खरी, पण शीतच तळाचं करपलेलं उचललं तर? तसं झालं. चूक माझी. एका दिवसाची — म्हणजे, आठवड्याची — बरं, मार्चपासूनची, वही तुमच्याच हातात आहे, लपवून काय करू.

का? अहो, फिल्टर उघडतो सव्वापाचला आणि पाळणाघर मिटतं साडेपाचला. उशीर झाला की त्या बाई हिला पायरीवर आणून बसवतात, चपला घालून, पिशवी गळ्यात अडकवून. एकदा तशी बसलेली पाहिली आणि — तेव्हा काका म्हणाले, ‘ताई, तुम्ही पळा, मी भरून ठेवतो —’ म्हणजे, टाकी. टाकी भरून ठेवतो म्हणाले. माती फार गरम असते हो, हात भाजतो, म्हणून कडेचीच घेतली त्यांनी — मी. मी घेतली. झोप नाही ना, जीभ घसरते.

काय म्हणालात? आता एकोणतीस दाखवणं सोपं आहे? पकडला गेल्यावर त्यानेच केकमध्ये तेल ओतलं असेल? अरे देवा. नाही हो! मग काय दाखवलं की तुमची खात्री पटेल? आधीचे नमुने त्याने स्वतः दिले असते तर… हो. कळलं. चोर असता तर ओली माती पुढे केली असती, म्हणजे चोरी मातीच्या नावावर खपली असती. कोरडी देऊन कोण स्वतःच्या गळ्यात फास अडकवेल? बरोबर आहे. तसं असतं तर सुटलेच असते बिचारे.

पण तसं नाही ना. नियम मला पाठ आहे — नमुना प्रयोगशाळेच्याच माणसाने घ्यायचा, दुसऱ्याचा हात लागला तर त्याखाली सही करणारीची नोकरी गेली. विचारा काकांना — विचारलंत? काय म्हणाले? ‘ताईच घ्यायच्या.’ असं म्हणाले? अजूनही? …नाही, डोळ्यांत काही नाही, त्या सॉल्व्हंटचा वास.

हो, मीच घ्यायचे. रोज. लिहून घ्या. सव्वापाचला फिल्टरपाशी उभी राहून, माझ्या हाताने — तू का बाहेर आलीस गं? बस आत. साहेबांशी बोलतेय ना मी?

“आई, तू कुठे घ्यायचीस? तू तर तेव्हा मला न्यायला यायचीस. आणि सकाळी पाळणाघराआधी आपण इथे यायचो, तेव्हा फिल्टरवाल्या आजोबांचा डबा तुझ्या टेबलावर असायचा, गरम माती भरलेला म्हणून फडक्यात गुंडाळून — गार झाला तरी फडकं तसंच.”