शेठचा नवा माणूस

ताई : या जिन्यावर शिवणकाम करणारी मी एकटीच. का रे, कोणी गिऱ्हाईक पाठवलंय का?

भाऊ : नक्की एकटीच? वरच्या मजल्यावर कोणी?

ताई : वर गच्ची आहे. तोंड का उतरलं तुझं?

भाऊ : मला शेठनं पाठवलंय. म्हणाला, शिवणवाली बाई आहे, व्याज थकलंय. नाव सांगितलंच नाही त्यानं.

ताई : तू शेठकडे? कधीपासून?

भाऊ : आजच. माझं वेल्डिंगचं दुकान त्याच्याच घशात गेलं ना. तरी व्याज फिटेना. मग म्हणाला, वसुलीला जात जा, तुझं व्याज थांबवतो.

ताई : अरे, पण तुझं कर्ज फिटलं होतं! मी दिले होते की पैसे.

भाऊ : ते सगळे व्याजातच गेले. मुद्दल जिथल्या तिथं. तुला कोणत्या तोंडानं सांगणार होतो? पण तू कशाला गेलीस त्या माणसाच्या दारात?

ताई : तुला द्यायला पैसे कुठून आणणार होते?

भाऊ : साठवलेले आहेत म्हणालीस!

ताई : खरं सांगितलं असतं, तर घेतले असतेस?

(भाऊ खाली बसतो.)

भाऊ : म्हणजे त्याचेच पैसे त्याला दिले, आणि व्याज भरतोय दोघंही.

ताई : बरं, आज काय न्यायला सांगितलंय?

भाऊ : शिलाई मशीन.

ताई : मग उचल. जड आहे, एक बाजू मी धरते.

भाऊ : ताई, असं नको बोलूस.

ताई : तू नाही नेलंस, तर उद्या दुसरा कोणी नेईल.

भाऊ : त्याच्याकडे सावकारीचा परवानाच नाही. वकील म्हणाला होता, सरकारी कचेरीत तक्रार करा. एकट्याची छाती होत नव्हती.

ताई : आणि पुरावा?

भाऊ : कोणाच्या घरातून काय उचलायचं, ते सगळं फोनवर बोलून पाठवलंय त्यानं. शिव्यांसकट. त्याचाच आवाज.

ताई : कळलं तर सोडेल तुला?

भाऊ : नाही सोडणार.

ताई : ऊठ, मी येते. खालच्या काकूंनाही घेऊ. त्यांचंही त्याच्याकडेच अडकलंय.

भाऊ : माहितीये. तुझ्यानंतर मला त्यांच्याकडेच जायचं होतं.

ताई : मग दार मी वाजवते. तू जरा मागे उभा राहा, तुला बघून घाबरतील.