रॅव्हिओलीच्या रांगेसमोर लावलेली अक्षरं

आपल्या वस्तीच्या क्लबचे आणि आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय वॉल्टर पिंतोस, व्यासपीठावर विराजमान झालेल्या, ‘ला एस्मेराल्दा’ या ताज्या पास्ताच्या दुकानाच्या मालकीण नेलिदाबाई राज्जो, सत्कारमूर्ती ओफेलियाबाई इरिगोयेन, आणि बाहेर एवढा वारा सुटलेला असूनही काखेत थर्मास धरून जमलेल्या माँतेव्हिदेओकर मित्रमैत्रिणींनो,

अध्यक्षांनी मला थोडक्यात आटपायला बजावलंय. त्यांचं बरोबर आहे. मागे मी बोलायला उभा राहिलो तेव्हा सगळ्यांच्या ताटातल्या खिमा भरलेल्या एम्पानादा गार झाल्या होत्या.

ओफेलियाबाई आज आमच्या स्टुडिओतून निवृत्त होतायत. आपल्या गल्लीतल्या निम्म्या दुकानांची बोधचिन्हं त्यांच्या हातची. चित्र नाही, वेलबुट्टी नाही. नुसत्या अक्षरांवरून दुकान ओळखू आलं पाहिजे, हा त्यांचा हट्ट. आणि दुसरा हट्ट असा, की ज्याचं काम भिंतीवर लागेल त्याच्या हातात येर्बाच्या कडू, कढत चहाचा नळी घातलेला पेला द्यायचा. बाकीचे अभिप्राय देतील तोवर त्याने नळी तोंडात धरून गप्प ओढत राहायचं. स्वतःची बाजू मांडायची नाही. आमच्यातल्या किती जणांच्या जिभा पोळल्या असतील, ते विचारू नका.

मी तेव्हा नवा होतो आणि नोकरी कच्ची होती. त्यातच एक दिवस भिंतीवर खुद्द बाईंचं काम लागलं. नेलिदाबाईंच्या दुकानाचं नाव, बारीक, उंच, अंतर राखून उभ्या असलेल्या अक्षरांत. नेलिदाबाईंनी ते पसंतही केलं होतं. पेला बाईंच्या हातात. सगळे म्हणाले, सुरेख झालंय, आता हात लावू नका. मग माझी पाळी आली. ज्याला नोकरी टिकवायचीय त्याने अशा वेळी काय म्हणावं, तुम्हीच सांगा?

मी जमिनीकडे बघत म्हणालो, “अक्षरं सुंदर आहेत बाई. पण बघून भूक लागत नाही. अत्तराचं दुकान वाटतं.”

बाईंनी पेला संपवला, पुन्हा भरला, तोही संपवला. मग एवढंच म्हणाल्या, रविवारी सकाळी दुकानापाशी ये.

मी धरून चाललो की नोकरी गेली. रविवारी पोचलो, तर रॅव्हिओलीची रांग कोपऱ्यापर्यंत. बाईंनी तोच कागद दुकानाच्या काचेवर चिकटवला होता, आणि पेला घेऊन स्वतः शेजारी उभ्या होत्या. उपाशी रांग ती, तिला कसली भीडभाड? एका आजोबांनी आत हाक मारून विचारलं, पोरी, दुकान दातांच्या डॉक्टरला विकलंस की काय? त्यांच्या मागच्या बाई म्हणाल्या, दात नाही हो, इथे आता नखं रंगवणार. एक गृहस्थ तर रांग चुकली समजून पुढे चालू पडले, त्यांना नेलिदाबाईंनी पिठाच्या हातांनी परत बोलावलं. ओफेलियाबाईंचे कान लालबुंद झाले होते, पण तोंडातली नळी सुटली नाही.

रांग सरली. बाईंनी कागद काढून घडी केली, पेला भरला आणि माझ्या हातात दिला. म्हणजे आता ऐकून घ्यायची पाळी माझी.

“बोललास ते खरं बोललास,” त्या म्हणाल्या, “पण जमिनीकडे बघून. मी काय जमिनीवर सांडले होते? यापुढे माझ्याकडे बघून सांगायचं. उद्या वेळेवर ये.”

आज दुकानावर जी गुबगुबीत, एकमेकांना खेटून बसलेली अक्षरं दिसतात, ती बाईंनी त्यानंतर केली. आता ती पाहून कुणी दात काढायला येत नाही.

ओफेलियाबाई, आज मी तुमच्याकडे बघून बोलतोय. तुमचा हा निवृत्तीचा निर्णय मला मुळीच आवडलेला नाही. तुम्ही गेल्यावर आमच्या कामाला सुरेख म्हणणारे पुष्कळ मिळतील, आणि मला त्याचीच धास्ती वाटते. तेव्हा अधूनमधून येत जा, आणि आम्हाला बोलत जा.

अध्यक्षमहोदयांचे, नेलिदाबाईंचे आणि तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल, तर कृपा करून ते पोटात घालू नका. खाली उतरलो की तोंडावर सांगा, मी ऐकून घेईन.