पुढच्या ॲक्सलला दिलेला रंग

मी बबन, महाळुंग्याचाच, मूळचा. आता महाळुंगं म्हनलं की लोकास्नी कंपन्या आठवत्यात, कंटेनर आठवत्यात, पन ती पत्र्याची मोठी शेड हाय ना, तिथं आमचा बाजरीचा तुकडा व्हता आनि मी ल्हान असताना तिथं पाखरं राखायला बसायचो. ते जाऊ द्या. ते सांगत बसलो तर आज आवरनार न्हाई, आनि तुमी वही उघडून बसलाय ते गाडीचं लिवून घ्यायला. गाडी कशी बिघडली ते सांगून सांगून मी दमलोय, समद्या गावाला सांगून झालं. त्यातलं खरं काय ते अजून धड कुनाला सांगितलं न्हाई.

चिंचवडला कंपनीत लागलो तवा मिसरूड फुटत व्हतं. प्रेस शॉपला मेंटेनन्स फिटर. सत्तावीस वर्सं, काय सांगू तुमाला, पहिली सायकल, मंग मोपेड, मंग कंपनीची बस, आनि एवढ्या वर्सांत माझ्या शिफ्टला मशीन अर्ध्या तासावर बंद राहिलं असं कोन म्हननार न्हाई. माझ्या म्हंजे आमच्या शिफ्टला. मी आनि कांबळे. मधुकर कांबळे, पिंपरीचा, त्याचा बाप पन कारखान्यातच व्हता. आमी दोघं एका टूलबॉक्सवर. माझ्या डब्यातली भाकरी त्यो खानार, त्याच्या डब्यातलं सुकट मी खानार, डबा कुनाचा ते बघायचं न्हाई. घरी यायचा, शालन म्हंजे आमच्या मंडळी, त्यांच्या हातची मासवडी त्याला लई आवडायची, दोन वाढल्या की तिसरी मागून घ्यायचा. मला बबनराव म्हनायचा, मी त्याला नुसतं कांबळे. असं सत्तावीस वर्सं चाललं.

मंग कंपनीनं बस्तान हलवलं, लांब, दुसऱ्या राज्यात. कांबळे माझ्याआधीच बाहेर पडला आनि त्यानं सरकारी लिलावातनं ही गाडी घेतली, जुनी फोर बाय फोर पिकअप, म्हंजे छोटा लिवर टाकला की पुढची दोन चाकं पन वढाय लागत्यात. खेडच्या पश्चिमेला डोंगरात मोबाइलचे टॉवर हायेत, तिथं लाइट गेली की जनरेटर चालतो, त्याला डिझेल पोचवायचं काम. साधी गाडी तिथं पावसाळ्यात चढत न्हाई. सहा वर्सं त्यानं ते काम केलं. मंग त्याच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला, कडंचं दिसायचं बंद झालं, मंग मधलं पन धुकट. डॉक्टरनं सांगितलं गाडी सोडा. त्यानं पहिला फोन मला केला. मी तवा एका गोदामाच्या गेटवर बारा तास उभा राहत व्हतो. म्हनला, बबनराव, गाडी घे, काम पन तूच घे, ठेकेदाराशी मी बोलतो. असं कोन देतं सांगा. दुसरा असता तर गाडी एकाला इकली असती आनि काम भाच्याला दिलं असतं.

जुनी गाडी घेनं म्हंजे घरात म्हातारं मानूस आनन्यासारखं हाय. रोज कायतरी दुखतं. आज रेडिएटर गळतोय, उद्या सेल्फ उचलत न्हाई, परवा ब्रेक एका बाजूला वढतोय. ग्रीस भरायच्याच कितीतरी जागा, आनि समद्या खालनं, पाठ टेकून, पोतं टाकून निजायचं तवा हात पोचनार. माझं वय अठ्ठावन्न. खाली जातो सरळ, वर येताना शालनला हाक मारावी लागती. गाडी ताब्यात देताना कांबळेनं मला दोन तास खाली निजवलं व्हतं. त्याला दिसत नव्हतं, पन बोटांनी एकेक जागा दाखवली. पुढच्या ॲक्सलवर एक ल्हानशी टोपी असती, शेंगदान्याएवढी. चढाला ॲक्सल गरम झालं की आतली हवा फुगती, ती त्या टोपीतनं बाहेर जाती, गार झालं की परत आत येती. माझं बोट धरून त्यानं त्या टोपीवर ठेवलं. म्हनला, ही मोकळी ठेव, हिला काय झालं तर ॲक्सल पानी पितं. मी म्हनलं, व्हय व्हय, सत्तावीस वर्सं मेंटेनन्सला काढली, मला नको शिकवू. हसला त्यो. मी पन हसलो.

आता चूक सांगतो. तुमी कंपनीत काम केलं असंल तर कळंल तुमाला. खंडेनवमीला आमच्याकडं मशीन नुसतं पुसत न्हाईत, रंगवत्यात. आदल्या दिशी उत्पादन बंद, समदे कामगार डबा-ब्रश घिऊन, गार्डला पिवळा, बॉडीला हिरवा, खालच्या फ्रेमला काळा, आनि दुसऱ्या दिशी झेंडू, नारळ, पेढे. साहेब फिरून बघायचा कुनाचं मशीन चांगलं दिसतंय. आमचं पहिलं यायचं, दर वर्सी. हाताला ती सवयच लागली. घरी गाडी आल्यावर पहिलीच खंडेनवमी, मी म्हनलं, करून दाखवू. धुतली, वाळवली, आनि खालनं काळा रंग मारला, समदं ॲक्सल, दोन हात. लई देखनी दिसली. गावातल्या गाड्या चौकात वळीनं लावल्या व्हत्या, लोक वाकून माझ्या गाडीचं खालचं अंग बघत व्हते. टोपी रंगाखाली बुजली. माझ्या ध्यानात पन आलं न्हाई.

मंग टॉवरच्या वाटंवर दोन ओढे लागत्यात. चढ चढून ॲक्सल गरम, आतल्या हवेला बाहेर पडायला वाट न्हाई, तिनं ॲक्सलच्या टोकाचं रबरी सील ढिलं केलं. गरम गाडी गार पान्यात घातली की त्याच सीलातनं पानी आत. असं दोन-अडीच महिने चाललं. आवाज यायला लागला व्हता, खोटं कशाला बोलू, घरघर यायची, मी म्हनायचो जुनी गाडी हाय. आनि एक दिवस चढावर पुढनं मोठा आवाज झाला, गाडी जाग्यावर. खाडकन. 

टोचन लावून ट्रॅक्टरनं वढत आनली, मारुतीच्या देवळापुढं उभी केली. देवळापुढं आमची भावकी बसती, माझा चुलतभाऊ दामू, वयानं मोठा, आनि आनखी सात-आठ जन. काम जानार म्हनून मी नुसता पेटलो व्हतो. कांबळेला फोन केला, ये म्हनलं, बघ काय दिलंस मला. बिचारा रिक्षा करून आला. सुनेनं हाताला धरून उतरवला. आनि त्यो गाडीला हात लावायच्या आत मी तोंड सोडलं. सत्तावीस वर्सांच्या दोस्तीत गंडवलंस म्हनलं, मोडकी गाडी गळ्यात बांधलीस म्हनलं, समद्यांपुढं. त्यो म्हनला, बबनराव, ऑईल बघितलंस का. मी म्हनलं ऑईल काय बघू, गाडी बघ की.

आनि तवा दामू बोलला. बसल्या जागेवरनं, पान थुकून. म्हनला, त्यांच्याकडनं घेतल्यावर आनखी काय व्हनार.

त्यांच्याकडनं. एवढंच. पन तिथं बसलेल्या समद्यांना कळलं त्यो काय म्हनला, कांबळेला कळलं, त्याच्या सुनेला कळलं, ती पोरगी शिकलेली हाय, बँकेत हाय. कांबळेनं माझ्याकडं तोंड केलं. त्याला धड दिसत न्हाई, पन माझ्याकडं तोंड करून उभा राहिला, मी कायतरी बोलंन म्हनून. मी बोललो न्हाई.  मंग म्हनला, येतो बबनराव. सून त्याला घिऊन गेली.

दुसऱ्या दिशी गाडी ढकलत घरापुढं आनली आनि ॲक्सल खोललं, आतल्या दातऱ्यांचे, म्हंजे गिअरचे, दात तुटलेले. ऑईल बाहेर आलं ते दुधाच्या चहासारखं. मेंटेनन्सवाल्याला दुसरं काय सांगायला नको, पानी गेलंय. मंग मी टोपी शोधली, बोटानं, कारन डोळ्याला दिसतच नव्हती, रंगाचा नुसता फुगवटा. पटाशीनं खरवडली तवा खालनं निघाली. पोत्यावर निजूनच मी रडलो राव. बाहेरनं शालन इचारतीया, लागलं का काय.

त्या रयवारी पिंपरीला गेलो. टोपी कागदात बांधून खिशात. त्याच्या हातावर ठेवली. त्यानं नखानं जरा खरवडलं, म्हनला, रंग दिलास. म्हनलं व्हय. म्हनला, खंडेनवमीला. म्हनलं व्हय. हसला थोडा, म्हनला, कंपनीची खोड. मी त्याचे पाय धरायला वाकलो तर पाय मागं घेतले. म्हनला, मला नको सांगू. ज्यांच्यापुढं बोललास त्यांना सांग. मंग चहा आला, त्याच्या मंडळींनी दिला, पन त्या बसल्या न्हाईत. निघताना म्हनला, रयवारी येतो, गाडी उभी ठेवून चालनार न्हाई, तुझं काम जाईल.

आला. दोन रयवार आला. कुदळवाडीला भंगारात हिंडून मी दातऱ्या आनल्या, त्यानं प्रत्येक दात बोटानं चाचपून एक परत पाठवली, आनि ती खरंच खराब निघाली. बेअरिंग किती आवळायचं ते त्यानं हातानं फिरवून ठरवलं. अजून पाव आटा, म्हनायचा, अजून जरा, बास. पुन्यांदा शिफ्टला असल्यासारखं वाटलं मला. दुसऱ्या रयवारी काम संपत आलं व्हतं आनि दामू आला, काय म्हनला, झाली का दुरुस्त. मी उठून उभा राहिलो. म्हनलं, दामूदादा, गाडी चांगली व्हती, चूक माझी व्हती, मी टोपीवर रंग मारला, मी उगाच त्याला बोललो. दामू म्हनला, असं व्हय. आनि उभाच राहिला. कांबळे खाली बसलेला, हात ग्रीसमध्ये, हलत न्हाई. आनखी एक गोष्ट बोलायची राहिली व्हती, मला म्हाईत व्हतं, त्याला म्हाईत व्हतं, दामूला पन म्हाईत असंल. मी खाली बसलो आनि बोल्ट आवळायला लागलो.

शालननं पाटा-वरवंटा काढून मासवडी केली व्हती. ताटं मांडली. कांबळेनं हात धुतले, म्हनला, न्हाई वहिनी, घरी वाट बघत्यात. एवढ्या वर्सांत त्यानं आमच्या घरी ताटाला न्हाई म्हनलेलं मी बघितलं नव्हतं. त्यो गेल्यावर शालन ताटं उचलताना एवढंच म्हनली, ते उपाशी का गेले तुमाला कळलं ना. मी म्हनलं कळलं. ती म्हनली, मंग बरं.

गाडी आता ठीक हाय. मी दर शनवारी खाली निजतो, टोपी सुईनं साफ करतो, ऑईल बोटावर घिऊन उजेडात बघतो, ग्रीस भरतो. पाठ धरती, मान धरती, खांदा वर जात न्हाई. टॉवरचं काम चालू हाय, काम त्यानं दिलेलं, गाडी त्यानं दिलेली, दुरुस्त पन त्यानंच केलेली. त्याचा फोन येतो, आठवड्याला एक. गाडी कशी हाय इचारतो. मी सांगतो, चांगली हाय, आवाज न्हाई. बरं, म्हनतो, आनि ठेवतो. माझं कायच इचारत न्हाई. आधी शालनचं इचारायचा, पोरीच्या सासरचं इचारायचा, माझ्या गुडघ्याचं इचारायचा. आता गाडीचं इचारतो आनि ठेवतो. 

तुमी लिवून घेताय तर हे लिवा. दामू बोलला ते वंगाळ व्हतं, आनि मी गप बसलो ते त्याहून वंगाळ. गाडीचं मी कवाच कबूल केलं, गाडीचं सोपं व्हतं. त्याच्या डब्यातलं मी सत्तावीस वर्सं खाल्लं आनि एका वाक्याला मला तोंड उघडता आलं न्हाई, भावकी काय म्हनंल म्हनून. भावकीनं मला काय दिलं हो? गोदामाच्या गेटवर उभा व्हतो तवा यांच्यातल्या कुनी फोन केला व्हता? तुमी छापा, कांबळेला आता अक्षरं दिसत न्हाईत, सून वाचून दाखवंल, देव तिचं भलं करो. पन छापून भागनार न्हाई, मला कळतंय ते. त्यो म्हनला व्हता, ज्यांच्यापुढं बोललास त्यांना सांग. दामू काय वाचनार न्हाई.

या येळंला समदे देवळापुढंच असत्यात. वही ऱ्हाऊ द्या तुमच्या हातात. मला कटाळा आलाय हो, हे पोटात घिऊन त्या गाडीखाली निजायचा. चला, तुमी हाय तवर जाऊन येऊ.