पंपावरचं नाव

नोटरीच्या ऑफिसात माझ्या शेजारच्या बाकावर पंप बनवणारे एक गृहस्थ आणि त्यांची मुलगी बसले होते. तिच्या मांडीवर परदेशातल्या विक्रेत्याने पाठवलेला करार होता.

“बाबा, नववं कलम वाचलंत? आपल्या पंपाचं नाव तिकडे तो स्वतःच्या नावावर नोंदवणार आहे.”

“नोंदवू दे की. आपली नोंदणी वीस वर्षांची आहे.”

“ती आपल्या देशापुरती. तिकडे जो आधी नोंदवेल, नाव त्याचं.”

“आणि उद्या आपण दुसरा विक्रेता नेमला तर?”

“तर आपलेच पंप नकली म्हणून हा बंदरात अडवेल.”

“अगं, पण तुझ्या आजीचं नाव आहे ते!”

“कायद्याला आजी कळत नाही, बाबा, अर्ज कळतो. तो मी गेल्या आठवड्यातच तिकडे दिलाय, आपल्या कंपनीच्या नावाने. तुम्ही फक्त हे कलम खोडा.”

“थांब, आधी त्याला फोन करतो.”

ते दाराबाहेर गेले आणि पाच मिनिटांनी परत आले.

“काय म्हणाला?”

“नाव देणार नसाल तर चारशेऐवजी शंभरच पंप घेईन म्हणतो.”

“मग?”

“म्हटलं, शंभर पंपांचं पॅकिंग आजच सुरू करतो. आण ते पेन.”