मालनबाईच्या हातची भाकरी

बाटली का नाही बाटली, बाटली का नाही बाटली — तिसऱ्यांदा विचारताय, गोरक्षभाऊ. आई किती दिवस आजारी होती हे एकदा तरी विचारलंत? काय खात होती, शेवटी कुणाचं नाव घेतलं — नाही. उन्हात का उभे, ओसरीवर या की. नको? बरं, नको. ओसरी मिशनची, मी मिशनची, सावलीसुद्धा मिशनचीच म्हणा. राहा उभे. मला डाळ निवडायचीय, बोर्डिंगच्या मुली शाळेतून सुटल्या की टोळधाड येते नुसती, तेव्हा हात चालू ठेवून बोलते. मी भागीबाई. या म्हाताऱ्यांच्या खोलीचं आणि मुलींच्या रांधण्याचं माझ्याकडे असतं. ते कार्ड मीच लिहिलं होतं — मराठी चौथी झालेय मी, याच शाळेत — 'आई फार आजारी, असाल तसे निघा.' कधी पोचलं? परवा? आणि ती गेली त्याला आज नववा दिवस. तुमच्या गावाला टपाल आठवड्यातून एकदा जातं, ठाऊक आहे मला. तेवढं तुमच्या माथी मारत नाही.

पाद्रीसाहेबांना भेटलात ना? वही काढून दाखवली ना त्यांनी? गोजराबाई, वय अंदाजे पासष्ट, मरतेसमयी बाप्तिस्मा. मग झालं की. पुन्हा माझ्याकडे कशाला? — कोण, अब्बास म्हणाला? येवल्याचा तो विणकर? हां, यायचा तो इकडे लुगडी घेऊन, तिचा निरोप न्यायचा, तुमचा आणायचा. ती गेल्याची खबर त्यानंच दिली, आणि म्हणाला, म्हातारी बाप्तिस्म्याचं पाणी घेणार नव्हती? असं. आणि पंच काय म्हणाले? — बाटली असेल तर सुतक नाही, दहावा नाही, नाव टाका. बाटली नसेल तर उद्या गंगेवर जाऊन दहावा कर. म्हणजे तुम्ही आईला भेटायला नाही आलात, पंचांचा सवाल घेऊन आलात. घ्या मग. पण जबाब माझ्या रीतीनं मिळेल, आणि तो पंचांना सोसेल का ते मला माहीत नाही.

कोणत्या साली आणलंत तिला इथल्या दवाखान्यात, आठवतं? मला आठवतं. काळारामाच्या दाराशी सत्याग्रह चालू झाला होता, पोलिसांनी टांगा दोनदा अडवला म्हणून तुम्ही तणतणत आलात. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टरमड्डम म्हणाल्या, कापते, पण दहा दिवस उताणं पडायचं, मान हलवायची नाही, डोळ्यांना पट्टी, घरचं माणूस भरवायला पाहिजे. तुम्ही म्हणालात, गहू सोंगायला आलाय, कारभारीण येईल तिसऱ्या दिवशी. फडक्यात सहा भाकरी बांधून उशाशी ठेवल्यात आणि गेलात. आली कारभारीण? नाही, मी भांडायला नाही बोलत — गहू खरा होता, माहीत आहे. पण तिसऱ्या दिवशी भाकरी संपली. चौथ्या दिवशी म्हातारी म्हणाली, भूक न्हाय. पाचव्या दिवशी म्हणाली, उपास हाय. मी म्हटलं, आज कसला उपास, सोमवार नाही, एकादशी नाही. म्हणाली, नवस हाय, तुला काय करायचंय. ओठांना भेगा पडलेल्या. खाटेवर पट्टी बांधून पडलेली बाई, आणि माझ्याशी नवसाच्या बाता! पाणीसुद्धा एक मराठ्याचा म्हातारा रोगी होता पलीकडे, त्याच्या तांब्यातलं घ्यायची.

माझा बाप महार, आणि मी जन्मले तीच किरिस्तावाच्या घरात. तुमच्या लेखी विटाळावर विटाळ. तर सहाव्या दिवशी सकाळी मी काय केलं — हे पाद्रीसाहेबांना माहीत नाही, मड्डमना नाही, तुम्हाला पहिल्यांदा सांगतेय — मी भाकरी भाजली, दुधात कुस्करली, खाटेशी जाऊन म्हटलं, गोजराबाई, तुमच्यातली एक मालनबाई म्हणून आहे, नवऱ्याच्या डोळ्यांसाठी आलीय, तिनं ही पाठवलीय, मी नुसती पोचती करतेय, पानाच्या द्रोणात आणलीय, हात लावला नाही. आणि मालनबाई कुठे होती? कुठेच नव्हती. मीच. हातावर पानाचा तुकडा धरून भरवत होते. खाल्लं हो तिनं. लहान पोरासारखं खाल्लं. आणि खाताना म्हणते, मालनबाईला म्हनावं, तुझं कुंकू जन्माचं राहू दे. आणि मी दहा वर्षं झाली रांडमुंड — हसू नका. — नाही हसलात? मग मलाच तसं वाटलं.

पाप केलं का? केलं. उपाशी मरू दिलं असतं तर पुण्य झालं असतं का, ते तुमच्या पंचांना विचारा. मी पाद्रीसाहेबांना विचारायचं धाडस केलं नाही. कारण खोटं बोलू नये हे तर आम्ही मुलींना रोज पाठ करायला लावतो.

पट्टी सुटली तेव्हा पहिल्यांदा तिनं माझ्याकडे पाहिलं. चेहरा नाही पाहिला, हात पाहिले. बराच वेळ. मग म्हणाली, मालनबाई कुठं हाय? मी म्हटलं, गेली गावी. म्हणाली, बरं झालं गेली, हाताला चव लय होती तिच्या. आणि दुपारी मी भाकरी नेली — पानाबिनाशिवाय, मुद्दाम — तर मुकाट्यानं घेतली. कळलं होतं तिला सगळं. त्यानंतर रागावली की मला भागे म्हणायची आणि मायेत आली की मालन.

पण तुम्ही न्यायला आला नाहीत. महिन्यानं अब्बास निरोप घेऊन आला — म्हातारीनं किरिस्तावाच्या हातचं खाल्लं असं गावात कळलंय, पंच म्हणतात प्रायश्चित्त घ्या, जातीला जेवण घाला, मग घरात घ्या. पुढल्या सुगीला बघू असं गोरक्ष म्हणतोय. गावात कुणी सांगितलं, कोण जाणे. मी झाडूवालीवर संशय घेतला, तिच्याशी अजून बोलत नाही. पण तुमची आई, गोरक्षभाऊ, तो निरोप ऐकून रडली नाही. बोटांवर हिशेब करत बसली, पुढली सुगी किती महिन्यांनी. मला म्हणाली, भाकरीचं काय न्हाय गं, भाकरीला उतारा हाय. गोमूत्र घेतलं, जेवन घातलं, सुटले. पन तुमचं ते पानी घेतलं ना, मंग त्याला उतारा न्हाय. मंग माझा गोरक्ष मनात असूनबी नेऊ शकनार न्हाय. तवा पानी मी घ्यायची न्हाय.

आता अडचण बघा. म्हाताऱ्यांच्या खोलीत फुकट राहायचं तर शिकणाऱ्यांच्या यादीत नाव पाहिजे. दहा आज्ञा, प्रभूची प्रार्थना, येशूचं चरित्र. शनिवारी शाळेच्या मुली येतात, एकेकीनं एकेक म्हातारी वाटून घ्यायची, वाचून दाखवायचं, घोकून घ्यायचं. ईस्टरच्या आधी पाद्रीसाहेब परीक्षा घेतात. पास झाली की बाप्तिस्मा. आणि अजिबात मन नाही असं दिसलं की — काढून देत नाहीत हो, पण विचारतात, बाई, तुमचं कुणी आहे का? तिचं कोण होतं? पुढल्या सुगीला बघू म्हणणारे तुम्ही.

तर तिनं काय करावं? नापास व्हायचं! चार ईस्टर, चार वेळा. पहिल्या साली साहेबांनी विचारलं, आज्ञा किती? ही म्हणते, अकरा. साहेब म्हणाले, दहा, बाई. ही म्हणते, न्हाय साहेब, अकरा. मग अकरावी कोणती? — सासूनं सुनेचं झाकलेलं भांडं उघडून बघू नये! साहेब हसून हसून लाल झाले, म्हणाले, पुढल्या वर्षी पुन्हा बसा. दुसऱ्या साली येशूला बारा शिष्य, तर हिनं नावं सांगितली — पहिलाच तुमच्या गावचा पाटील, मग तलाठी, मग अब्बास विणकर. साहेब म्हणाले, भागीबाई, या बाईला स्मरणच नाही. मीही म्हटलं, डोकं नाही हो तिला. आणि खरं काय होतं? एका शनिवारी चंद्रभागा म्हणून सहावीतली मुलगी आज्ञा म्हणून दाखवत होती, सातवीला अडखळली. खोलीत सगळ्या म्हाताऱ्या डुलक्या घेतायत. आणि गोधडीखालून आवाज — सातवी, आठवी, नववी, दहावी, धडाधड, एक कानामात्रा चुकली नाही. मुलगी बघतच राहिली. मी गोधडी ओढली तर ही डोळे मिटून घोरतेय. रात्री मला म्हणाली, भागे, बोलशील तर माझं मढं बघशील. लय ग्वाड हाय तुमचं ते शास्त्र, खोटं नाय बोलत, तो मेंढपाळ एक मेंढरू हुडकाया जातो ते तर मला लय आवडतं. पन माझा लेक यायचाय.

मी गप्प बसले. चार वर्षं पगार खाल्ला मी तिला शिकवण्याचा, आणि नापास होण्यात तिला साथ दिली. आता सांगा पाद्रीसाहेबांना. जा, सांगा. बंगला समोरच आहे. दोन ओळींत माझी नोकरी जाईल, आणि या वयात मला कोण घेतंय. — नाही सांगणार? बघा बुवा.

मग या पौषात छाती भरली तिची. सहा दिवस. पाचव्या दिवशी मी कानाशी बसून म्हटलं, गोजराबाई, आता तरी घ्या, तुमच्यासाठी घ्या, सुगी किती झाल्या आता. तिनं मान हलवली. अशी. इकडून तिकडे. बोलवत नव्हतं तरी माझा हात धरून ठेवला, म्हणजे मी उठून पाण्याची वाटी आणू नये. सकाळी गेली. साहेब आले, म्हणाले, भागीबाई, हिनं शेवटी मागितलं होतं का? नसेल तर आपल्या कबरस्तानात हिला ठेवता येत नाही, नियम आहे. वाईट माणूस नाही तो, डोळ्यांत पाणी होतं त्याच्या, पण नियम. आणि नाही तर कुठे? तुमचा पत्ता नाही. नगरपालिकेची गाडी आली असती, बेवारस म्हणून, कुणाच्याही हाताने, कुठल्याही खड्ड्यात. मी म्हटलं, मागितलं साहेब. पहाटे मागितलं, वेळ नव्हता, मीच दिलं पाणी, तीन वेळा, पित्याच्या, पुत्राच्या, सगळं म्हणून. मरणाच्या वेळी कुणीही दिलं तरी चालतं, हे मला शाळेत शिकवलंय. साहेबांनी वही काढली. मुलींनी गीत म्हटलं. चंद्रभागानं झेंडूची फुलं टाकली.

तर हा तुमचा जबाब. तिनं पाणी घेतलं नाही. माझ्या बापाची शपथ, माझ्या येशूची शपथ — वहीतलं एक खोटं पुसायला किती शपथा घेऊ. ती तुमचीच मेली. करा उद्या दहावा. पंचांना सांगा, म्हातारी पाच वर्षं आमच्या खोलीत राहून, आमचं शास्त्र पाठ असून, तुमच्यासाठी कोरडी राहिली. एकच मागते, वहीतलं नाव खोडायला जाऊ नका आणि तिला तिथनं हलवू नका. दोन्हीकडे राहू दे तिला.

खाली का बसलात? ऊन लागलं? — काय? मोठ्यानं बोला, पुटपुटू नका. — आला होतात? कधी आला होतात? — पट्टी होती तेव्हा? नवव्या दिवशी? मळ्यातलं काम टाकून? मग मला कसे दिसला नाहीत? — खिडकीतून. — म्हणजे मी भरवत होते तेव्हा. — हां. ओळखलंत की मी कोण ते. साहजिक आहे. — आणि बरोबर कोण होतं? भाऊबंद. त्यानंही पाहिलं. त्यानंच गावात सांगितलं. आणि पंचांनी विचारलं तेव्हा तुम्ही मान डोलावलीत.

आणि मी त्या झाडूवालीशी पाच वर्षं...

थांबा, मला एक सांगा. ती काय म्हणत होती तेव्हा, ऐकलंत? ऐकलंत. रोज तेच म्हणायची, प्रत्येक घासाला — गोरक्ष आला का गं बघ, फाटकापाशी कुणी दिसतंय का. आणि मी म्हणायचे, नाही, कुणी नाही. आणि तू खिडकीत होतास. चार हातांवर. अरे, डोळे बांधले होते तिचे. कान नव्हते रे बांधले. 'आई' एवढंच म्हणायचं होतंस. भाकरी नको, न्यायचं नको, जात नको — आई, एवढंच. मग गेला असतास खुशाल.

रडू नकोस इथे. मुली येतील आता. नाही, कबर मी दाखवणार नाही, साहेबांना विचार, ते दाखवतील, त्यांना खोटं सांगितलेलं आहे.

ऊठ. सुपाला हात लागला तुझा, डाळ सांडलीस बघ सगळी.

जा म्हटलं ना.