दार काढलेलं घर

राजाबाई — अजून खरवड, सरले. बोट रुततंय तोवर ती कूजच. कोरडा साग लागला की थांब.

सरला — लागला, आई. इथून चौकटीची बाही धड आहे... मामंजी आलेत.

विश्वासराव — विहीणबाई, हे काय आरंभलंय? दार काढून भिंतीला टेकवलंय, दोघी बायका भररस्त्यात सुतारकी करताहेत! साऱ्या धार शहरात तमाशा!

राजाबाई — तमाशा परवा झाला, रावसाहेब. तुमच्या भास्करनं लाथ घातली, कोयंडा लाकडासकट उखडून आला. शालिग्राम मिस्त्रीला बोलावलं, तर ‘तिथं काम धरायचं नाही’ हा तुमचा निरोप त्याच्याकडे आधीच पोचलेला. मग त्याची पटाशी तेवढी मागून आणली.

विश्वासराव — पोरगा तापट आहे, कबूल. पण नवरा आहे तिचा. सूनबाई, लुगडी बांधा. बैलांची दमणी आणलीय. वाटेत मुक्काम करू, परवा देवासला घरी पोचू.

सरला — मी येत नाही.

विश्वासराव — मी विचारलेलं नाही तुम्हांला.

सरला — कधीच नाही विचारलंत. माडीवर कोंडलंत तेव्हा पाण्यासाठी दार बडवत होते मी. खाली तुम्ही पाहुण्यांशी हसत होता, मामंजी. मला ऐकू येत होतं.

विश्वासराव — घरातलं रस्त्यावर बोलता?

राजाबाई — बोलू दे. हे मीसुद्धा आज ऐकतेय.

विश्वासराव — बास झालं! दार तर नाहीच. आत येतो नि हाताला धरून नेतो. बघू कोण अडवतं!

(राजाबाई हातोडा घेऊन उंबरठ्यावर उभी राहते.)

राजाबाई — या.

विश्वासराव — बाजूला व्हा. लोक बघताहेत.

राजाबाई — परवाही बघत होते. परवा मी हात जोडले होते. आज नाही जोडायची.

विश्वासराव — भास्करचं दुसरं लग्न लावीन, सांगून ठेवतो!

सरला — लावा. तिला पाणी तेवढं देत जा.

विश्वासराव — (गाडीवानाला) ए भिया, बैल फेर! चालो पाछा.

सरला — गेले, आई. आता कुजकं काढलं तिथं नवा ठोकळा बसवू?

राजाबाई — बसव. घट्ट धर, मी पाचर मारते.

सरला — धरलाय. पण आधी जरा खाली बस.

राजाबाई — बसेन मग. ही मारली पाचर. ठोकळा हलतोय का?

सरला — नाही.

राजाबाई — मग ये, दार उचलू.